मालट्रकाचें इंजिन बदलतांना : हवा कोठून, इंधन कसें?

लोणंदच्या बाजारांत ज्या दिवशीं कांद्याचा लिलाव असतो, त्या दिवशीं आवाराबाहेर मालट्रकांची जी रांग लागते तींत शेतकऱ्यांच्या मालकीचे ट्रकही उभे असतात. कोणी दोघां भावांनीं मिळून घेतलेला, कोणी सोसायटीच्या कर्जावर घेतलेला, कोणी दुसऱ्यानें वापरून टाकलेला. कांदा पिकविणाऱ्यानेंच तो पुण्यास किंवा वाशीस न्यावा, म्हणजे भाड्याचा पैसा घरांत राहतो, हा त्यांतील हिशेब. आणि हिशेब चुकीचा नाहीं. परंतु बैल म्हातारा झाला म्हणजे त्याचें काय करावें हें शेतकऱ्यास बापजाद्यांपासून ठाऊक आहे. ट्रकाचें इंजिन म्हातारें झालें म्हणजे काय करावें हें मात्र अद्याप पुष्कळांस ठाऊक नाहीं. आम्हांसही नव्हतें. तें आम्हांस ज्या किंमतीस कळलें ती किंमत वाचकांपैकीं दुसऱ्या कोणास द्यावी लागूं नये, म्हणून हा लेख लिहिण्याचें योजिलें आहे.

आरंभींच सांगणें बरें कीं, आम्ही यंत्रविद्येचे जाणते नाहीं. आमचें शिक्षण मराठी शाळेंतलें, आणि हयात महसूल खात्याच्या कारकुनींत गेली. परंतु कारकुनास एक संवय जडते : तिघांचे जबाब घेतल्यावांचून व कागद पाहिल्यावांचून कशावरही निकाल लिहावयाचा नाहीं. ती संवय आम्हीं कचेरींत पाळली, आणि घरीं मात्र एकदां मोडली. पुढील हकीगत त्या मोडलेल्या संवयीची आहे.

पहिला बदल

आमचा व आमच्या थोरल्या बंधूंचा सामाईक सहाचाकी ट्रक २००६ सालचा. पुतण्या तो चालवितो. मूळ इंजिन सहा सिलिंडरांचें, टर्बो असलेलें. आणि डिझेल पुरविणारा पंप जुन्या पद्धतीचा, ज्यास गॅरेजांत लाइन पंप म्हणतात. डिसेंबर २०२१ मध्यें हळव्या कांद्याच्या गोण्या भरून साताऱ्याकडे जातांना सालपे घाटाच्या चढावर रेडिएटरचा होज फुटला. पुतण्यानें गाडी थांबविली खरी, पण दोन वळणें उशिरानें. मदतीस धांवलेल्या कोणीं तरी तापलेल्या इंजिनावर थंड पाणी ओतलें, आणि ब्लॉकास तडा गेला.

आम्हीं त्याच वर्षीं स्वेच्छानिवृत्ति घेतली होती व उपदानाची रक्कम बँकेंत होती. पुतण्या म्हणाला, "काका, थोड्याच दिवसांत गरवा कांदा निघंल. गाडी दारात उभी ठेवून चालायचं नाही." त्याचें म्हणणें खरें होतें. त्यानें शहरांतील जुन्या सामानाच्या बाजारांतून एक इंजिन पसंत केलें. तेंही सहा सिलिंडरांचेंच, परंतु आधींच्या काळचें, बिनटर्बोचें, म्हणून स्वस्त. तेथील गॅरेजवाल्यानें सांगितलें कीं, ह्यालाच तुमचा टर्बो चढवूं, पंपाचें डिझेल थोडें वाढवूं, म्हणजे ताकद मूळच्याइतकी होईल. सर्व मिळून १ लाख ३५ हजार रुपये लागले. एअर क्लिनर, त्याचा पाईप व रबरी होज हीं जुनींच ठेवलीं. त्यांविषयीं कोणी बोललें नाहीं, आणि आम्हींही विचारलें नाहीं.

पहिले चार महिने गाडी घोड्यासारखी धांवली. चढावर काळा धूर निघे. पुतण्यास ती ताकदीची खूण वाटे. पावसाळ्याच्या तोंडीं ऑइल कमी होऊं लागलें. सप्टेंबर २०२२ मध्यें, म्हणजे नवव्या महिन्यांत, ऑइल भरण्याच्या तोंडांतून धूर येऊं लागला, आणि भरलेली गाडी घाट चढेना.

लोणंदच्या एका वृद्ध मिस्त्रींनीं इंजिन उघडलें. लायनरच्या वरच्या भागीं नखास लागेल अशी कड पडली होती, रिंगा झिजून पातळ झाल्या होत्या, आणि दोन पिस्टनांचे माथे भाजून खडबडीत झाले होते. मग त्यांनीं एअर क्लिनरपासून टर्बोपर्यंत जाणारा होज काढला, व आमच्यासमोर वर्तमानपत्रावर उलटा करून झटकला. पिठासारखी तांबूस माती पडली. क्लिपेखालीं, वरून दिसणार नाहीं अशा ठिकाणीं, होजास बोटभर चीर होती. मिस्त्री म्हणाले, "भाऊसाहेब, इंजिन वाईट नव्हतं. ह्याला माती चारली, आन् वरनं डिझेल पाजलं."

या एका वाक्यांत पुढील सर्व लेखाचें सार आहे. इंजिन बदलतांना आपण इंजिनाची किंमत, त्याची ताकद व तें किती डिझेल खाईल एवढें विचारतों. तें श्वास कोठून घेईल, आणि त्या श्वासाच्या प्रमाणांत त्यास डिझेल कोण मोजून देईल, हे दोन प्रश्न कोणी विचारीत नाहीं. इंजिनाचें आयुष्य मात्र ह्याच दोन प्रश्नांवर अवलंबून असतें.

श्वासाचा हिशेब

विहिरीवरचें तेलइंजिन ज्यांनीं चालविलें आहे त्यांस डिझेल इंजिनाचें मूळ तत्त्व निराळें सांगावयास नको. सिलिंडरांत नुसती हवा ओढली जाते. ती दाबली गेली म्हणजे इतकी तापते कीं, नोझलनें उडविलेला डिझेलचा तुषार ठिणगीवांचून पेट घेतो. म्हणजे अर्धें काम हवेचें आणि अर्धें इंधनाचें.

आतां हवेचें माप पाहूं. एक किलो डिझेल पुरें जळावयास सुमारे साडेचौदा किलो हवा लागते. एक लिटर डिझेलचें वजन सुमारे ८३० ग्रॅम. म्हणून एका लिटरास कमींत कमी १० हजार लिटर हवा हवी. प्रत्यक्षांत धूर होऊं नये म्हणून याहून बरीच जास्त हवा द्यावी लागते. ती आपण १४ हजार लिटर धरूं. लोणंदहून वाशी सुमारे दोनशे किलोमीटर. भरलेली गाडी लिटरास चार किलोमीटर चालली तर ५० लिटर डिझेल जळेल, व त्यासाठीं इंजिन सात लाख लिटर हवा ओढील. पाण्याचा टँकर दहा हजार लिटरांचा धरल्यास ती ७० टँकर हवा झाली, आणि तीही एका खेपेंत. ५० लिटर डिझेल आपण गाळून घेतों. सत्तर टँकर हवा कशांतून येते हें पाहात नाहीं.

आणि आमच्याकडील हवा कसली! बाजार आवारांतील फुफाटा, कालव्याकांठचे मुरमाचे रस्ते, आणि आळंदी-पंढरपूर पालखी मार्गाच्या रुंदीकरणाची धूळ. त्या मार्गाचें भूमिपूजन ८ नोव्हेंबर २०२१ रोजीं झालें. रस्ता चांगला होतो आहे ही आनंदाची गोष्ट. पण काम चालू असतां त्या रस्त्यानें जाणाऱ्या प्रत्येक इंजिनानें ती धूळ ओढली. धुळीचा कण दिसावयास मऊ असला तरी त्यांत वाळूचा, म्हणजे गारेचा अंश असतो. तो ऑइलमध्यें मिसळला म्हणजे रिंगा व लायनर यांच्यामध्यें पॉलिशकागदाचें काम करतो. थोडीशी धूळ रोज आंत जात राहिली तरी इंजिन लौकर झिजतें. त्यास दुसरें कांहीं व्हावें लागत नाहीं.

हवेची वाट निवडतांना चार गोष्टी पाहाव्या.

पहिली गोष्ट तोंडाची. हवा घेण्याचें तोंड केबिनच्या मागें उंच असावें; चाकाजवळ किंवा सायलेन्सरजवळ नसावें. जमिनीपासून जितकें उंच तितकी धूळ विरळ. त्यावर पावसाची टोपी असावी.

दुसरी गोष्ट एअर क्लिनरची. जुना तेलाचा एअर क्लिनर वाटेंत धुतां येतो व त्यास नवा फिल्टर विकत घ्यावा लागत नाहीं, हे त्याचे गुण खरे. परंतु इंजिन संथ चालत असतां त्याची गाळण कमी होते. टर्बोच्या इंजिनास दोन थरांचा कोरडा कागदी फिल्टरच योग्य. बाहेरचा मोठा थर साफ करितां येतो. तोही कमी दाबाच्या हवेनें, आंतून बाहेर. पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरची नळी जवळ धरून पूर्ण दाबानें फुंकलें तर कागदास बारीक भोकें पडतात, व पुढें तो फिल्टर शोभेचा राहतो. आंतला लहान थर साफ करूं नये; ठरल्या वेळीं बदलावा. डब्याच्या खालीं जी रबरी चोंच असते ती रोज दाबून धूळ पाडावी.

तिसरी गोष्ट मापाची. लहान इंजिनाचा एअर क्लिनर मोठ्या किंवा टर्बोच्या इंजिनास लावला तर इंजिन गुदमरतें, काळा धूर सोडतें व डिझेल जास्त खातें. फिल्टरच्या पुढें ओढ किती पडते हें दाखविणारी लहानशी खूण मिळते. ती लाल झाली म्हणजे फिल्टर बदलावयाचा. बहुतेक टर्बो इंजिनांस ही मर्यादा सुमारे २५ इंच पाण्याच्या स्तंभाइतकी धरलेली असते. ही खूण बसविली म्हणजे फिल्टर उगाच उघडून पाहण्याचें कारण उरत नाहीं. वारंवार उघडण्यानेंही आंत धूळ जाते.

चौथी व सर्वांत महत्त्वाची गोष्ट, फिल्टरच्या पुढील वाटेची. फिल्टरपासून टर्बोपर्यंतच्या भागांत इंजिन हवा ओढीत असतें; तेथें केंसाएवढी चीर असली तरी फिल्टरला वगळून धूळ सरळ आंत जाते. टर्बोपासून पुढें हवा दाबाखालीं असते. तेथें चीर असल्यास हवा बाहेर निसटते, शिट्टी वाजते, धूर होतो, पण माती जात नाहीं. आमची चीर पहिल्या भागांत होती. ती शोधण्याची सोपी युक्ति मिस्त्रींनीं दाखविली : फिल्टरच्या पुढील पाईपांत स्वच्छ पांढरें फडकें फिरवावें. फडकें पांढरेंच निघालें पाहिजे. त्यावर माती दिसली तर गाडी रस्त्यावर काढूं नये.

इंधनाचे मार्ग

आतां दुसरा अर्धा भाग. रुडॉल्फ डीझेल यांचें पहिलें यशस्वी इंजिन १८९७ सालचें. परंतु तें मोटारीवर बसण्याइतकें लहान होण्यास डिझेल मोजून देणारा लहान पंप हवा होता. जर्मनींतील बॉश यांनीं तसा पंप १९२७ पासून कारखान्यांत काढण्यास आरंभ केला. आपल्या जिल्ह्यासही ही विद्या नवी नाहीं. सातारारोड येथें कूपर यांच्या कारखान्यांत १९३० नंतरच्या दशकांत डिझेल इंजिनें होऊं लागलीं. किर्लोस्करांची ऑइल इंजिन कंपनी १९४६ सालीं पुण्यास निघाली. पंप व नोझल करणारी मायको कंपनी १९५१ सालीं बंगळुरास सुरू झाली. तीच आज बॉश या नांवानें चालते, व तिचा नोझलांचा कारखाना नाशिकास आहे. आज फलटणजवळही कमिन्सचा मोठा इंजिन कारखाना उभा आहे. तात्पर्य, चांगला सुटा भाग मिळत नाहीं ही सबब आपणांस सांगतां येण्यासारखी नाहीं.

जुन्या ट्रकांत प्रत्येक सिलिंडरास पंपांत एक निराळा दट्ट्या असतो. सहा सिलिंडर, सहा दट्टे, सहा नळ्या, सहा नोझल. हाच लाइन पंप. नोझल साधारण २०० ते २५० बार दाबास उघडतें. ट्रकच्या टायरांत सुमारे सात बार हवा असते, ह्यावरून त्या दाबाची कल्पना यावी. लाइन पंपाच्या खालच्या भागास ऑइलचें वंगण मिळतें. यामुळें डिझेल किंचित् वाईट आलें तरी तो कांहीं दिवस सोसतो. लहान गाड्यांत फिरता पंप असतो. त्यांत एकच दट्ट्या सर्व सिलिंडरांस पाळीपाळीनें डिझेल वाटतो, व सर्व वंगण डिझेलचेंच. तो स्वस्त व हलका, पण घाण सोसत नाहीं.

तिसरी पद्धति कॉमन रेलची. एक पंप एका जाड नळींत १,६०० बार किंवा त्याहूनही अधिक दाबानें डिझेल भरून ठेवतो, आणि कोणत्या नोझलनें केव्हां व किती उडवावें हें विजेचा मेंदू ठरवितो. धूर कमी, आवाज कमी, डिझेलची बचत. मोटारींत ही पद्धति १९९७ पासून आली. १ एप्रिल २०२० पासून देशभर भारत-६ मानक लागू झाल्यावर नव्या डिझेल ट्रकांत आतां हीच असते, आणि नवा ट्रक घेणाऱ्यास तिच्याविषयीं भिण्याचें कारण नाहीं. प्रश्न नव्या ट्रकाचा नाहीं. जुन्या ट्रकांत तिची कलम बांधावी कीं काय, हा आहे.

कोणताही पंप असो, दट्ट्या व त्याची नळी यांमधील फट दोन-चार मायक्रॉन असते. माणसाचा केंस सुमारे सत्तर मायक्रॉन जाड. म्हणून डिझेलमधील पाणी व कचरा हे पंपाचे वैरी. इंजिन बदलतांना टाकी उतरवून धुवावी, पाणी वेगळें करणारा फिल्टर बसवावा, व त्याचा खालचा नळ रोज सकाळीं गाडी चालू करण्यापूर्वीं सोडून पाहावा. डिझेलमध्यें रॉकेल मिसळणारा मनुष्य लिटरामागें कांहीं रुपये वांचवितो आणि पंपाचें वंगण काढून घेतो.

टर्बो आणि पंप यांचें लग्न

टर्बो म्हणजे धुराच्या जोरावर फिरणारा पंखा. तो मिनिटास लाखाच्या घरांत फेरे घेतो, व त्याच सिलिंडरांत जास्त हवा कोंबतो. जास्त हवा असली म्हणजे जास्त डिझेल जाळतां येतें. म्हणून ताकद वाढते. परंतु येथें क्रम महत्त्वाचा आहे : आधीं हवा, मग डिझेल. टर्बोच्या मूळ पंपावर एक पडदा असतो. टर्बोचा दाब वाढेल तसतसा तो जास्त डिझेल सोडूं देतो. आमच्या पहिल्या इंजिनाच्या बिनटर्बो पंपास तो पडदा नव्हता. गॅरेजांत नुसता स्क्रू फिरवून डिझेल वाढविलें होतें. टर्बो फेरे घेण्यापूर्वींच डिझेल येऊन पडे, जळावयास हवा नसे, आणि काळा धूर निघे. म्हणजे ज्यास पुतण्या ताकद समजत होता तो न जळलेला पैसा होता. शिवाय बिनटर्बो इंजिनाचे पिस्टन व ऑइलची योजना त्या जास्त उष्णतेसाठीं केलेली नसते. पिस्टनांचे माथे भाजले ते ह्यामुळें.

दाबलेली हवा शंभर अंशांच्या वर तापते, आणि तापलेली हवा विरळ होते. म्हणून तिला थंड करणारा इंटरकूलर असतो. जुनें इंजिन फुटलें असल्यास त्याचे कण व ऑइल इंटरकूलरमध्यें सांठून राहतें. तो धुतल्यावांचून नव्या इंजिनास जोडणें म्हणजे मेलेल्याचा रोग जिवंतास देणें होय.

नोंदवहींतील तीन रस्ते

दुसऱ्या वेळीं आम्हीं घाई केली नाहीं. लोणंद, फलटण व सातारा येथील तीन मिस्त्रींचे जबाब घेतले व वहींत तीन रकाने पाडले.

पहिला रस्ता, पुन्हां बिनटर्बोचें इंजिन, टर्बो न चढवितां. स्वस्त, साधें, धुळीस सोसणारें. पण भरलेल्या गाडीस घाटांत ताकद कमी, आणि मूळ टर्बोच्या गाडीस तें निराळ्या प्रकारचें. म्हणून कागदावरही अडचणीचें.

दुसरा रस्ता, अपघातांतील अलीकडच्या ट्रकाचें कॉमन रेल इंजिन. पुतण्याचें मन येथें होतें. डिझेलची बचत त्यास दिसत होती. आम्हीं विचारलें, इंजिनाबरोबर आणखी काय काय आणावें लागेल? यादी अशी झाली : विजेचा मेंदू, संपूर्ण वायरिंग, सर्व सेन्सर, ॲक्सिलरेटरचें पेडल, चावी, टाकीची नळी, व धूर शुद्ध करण्याची सर्व योजना. त्यांतील एक जरी नसलें तरी मेंदू ताकद कमी करतो किंवा इंजिन चालूच होत नाहीं. नोझल बदललें तर पुष्कळ इंजिनांत त्याचा क्रमांक यंत्र लावून मेंदूस सांगावा लागतो. रात्रीं दोन वाजतां सालपे घाटांत तें यंत्र कोण आणणार? ह्या प्रश्नास तिघांपैकीं एकाकडेही उत्तर नव्हतें.

तिसरा रस्ता, मूळ प्रकारचेंच टर्बोचें इंजिन, त्याच्याच पंपासह, आपल्या डोळ्यांदेखत उघडून नवें केलेलें. महाग, पण ज्याचा प्रत्येक भाग आपल्या तालुक्यांतील मिस्त्रीस हातानें ओळखतां येतो.

यांपूर्वींचा एक प्रश्न थोरल्या बंधूंनीं विचारला, आणि तो योग्यच होता : सोळा वर्षांच्या गाडींत एवढा पैसा घालावाच कां? चासीस तडा किंवा गंज असता तर आम्हीं गाडी मोडींतच दिली असती. जुन्या व्यापारी वाहनास आठ वर्षांनंतर दरवर्षीं योग्यतेची तपासणी असते, व पंधरा वर्षांनंतर तिचा खर्चही वाढतो. तो धरूनच हिशेब केला. गाडी वर्षांतून सहा-सात महिनेच चालते, व भाड्याचा जो पैसा वांचतो त्यांत तीन हंगामांत खर्च निघेल असें दिसलें, तेव्हांच तिसरा रस्ता धरला.

खर्च २ लाख १० हजार झाला. त्यांपैकीं ३१ हजार एअर क्लिनर, पाईप, होज, इंटरकूलरची धुलाई, टाकी, फिल्टर आणि पंप व नोझल यंत्रावर लावून मापून घेणें यांत गेले. पुतण्याच्या मतें तो खर्च वायफळ होता. उपदानाची रक्कम पहिल्या इंजिनांतच निम्मी संपली होती. म्हणून सोसायटीचें कर्ज काढावें लागलें. आम्हीं जन्मभर दुसऱ्यांच्या सातबाराच्या इतर हक्कांत बोजे पाहिले. त्या वर्षीं कालव्याखालच्या आमच्याच गटावर बोजा चढला. वडिलांनीं दुष्काळांतही त्या जमिनीवर बोजा चढूं दिला नव्हता.

कायद्याची बाजू

येथें आणखी एक चूक कबूल करणें भाग आहे. पहिलें इंजिन बसवितांना परवानगी घेतली नव्हती. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२ प्रमाणें मूळ बनावटीशीं विसंगत असा बदल करितां येत नाहीं; इंजिन बदलावयाचें तर नोंदणी अधिकाऱ्याची संमति घ्यावी लागते, व बदल झाल्यापासून चौदा दिवसांत कळवून नोंदणी पुस्तकांत दुरुस्ती करून घ्यावी लागते. इंजिनाचा क्रमांक म्हणजे गट नंबर समजावा. ज्यानें जन्मभर लोकांच्या जमिनीचे फेरफार लिहिले, त्याच्या दारांतील इंजिनाचा फेरफार झालेला नव्हता! अपघात झाला असता तर विमा कंपनीनें हेंच बोट ठेवलें असतें. दुसऱ्या वेळीं इंजिनाची पावती, तें ज्या गाडींतून काढलें तिचे कागद, व अर्ज, असें सर्व आधीं साताऱ्याच्या परिवहन कार्यालयांत दिलें; संमति मिळाल्यावरच इंजिन चढविलें, व विमा कंपनीसही कळविलें. त्याच प्रकारचें इंजिन निवडल्यामुळें हें काम सुकर झालें. जुन्या डिझेल गाड्यांस धुराची मर्यादा ६५ एकक आहे. हवा व डिझेल यांचें प्रमाण बरोबर असेल तर त्या परीक्षेची भीति राहत नाहीं.

वाचकांस सूचना

ट्रॅक्टर, तेलइंजिन किंवा ट्रक, कोणत्याही इंजिनास पुढील गोष्टी सारख्याच लागू आहेत.

१. इंजिन ठरविण्यापूर्वीं गाडीचें अंग, कागद व उरलेले हंगाम यांचा हिशेब करावा.

२. मूळ प्रकारचें इंजिन, त्याच्याच पंपासह व त्याच्याच टर्बोसह घ्यावें. एकाचा टर्बो, दुसऱ्याचा पंप व तिसऱ्याचें इंजिन असा मेळ घालूं नये.

३. फिल्टरपासून इंजिनापर्यंतचा प्रत्येक रबरी होज व क्लिप नवी घ्यावी. सर्व खर्चांत हा खर्च सर्वांत लहान असतो.

४. पंप व नोझल यंत्रावर मापून घ्यावीं. कानानें व धुरानें लावूं नयेत. काळा धूर ही ताकद नव्हे.

५. घाट चढून आल्यावर इंजिन एकदम बंद करूं नये. दोन-तीन मिनिटें संथ चालवावें, म्हणजे टर्बोचें ऑइल जळत नाहीं.

६. महिन्यांतून एकदां पांढऱ्या फडक्याची परीक्षा करावी.

दुसरें इंजिन बसविल्यास आतां तीन हंगाम पुरे झाले. पुतण्या रोज सकाळीं डिझेल फिल्टरचा नळ सोडतो, चोंच दाबतो, व महिन्याच्या पहिल्या तारखेस पाईपांत फडकें फिरवून तें आमच्यापुढें आणून धरतो. जणूं आम्ही तपासणीस आलेले अधिकारी. फडकें पांढरें असतें. ३१ हजार वायफळ गेले असें तो आतां म्हणत नाहीं, आणि आम्हींही ती गोष्ट काढीत नाहीं. गेल्या महिन्यांत सोसायटीचा शेवटचा हप्ता फिटला, व बोजा कमी केल्याचा फेरफार मंजूर झाला. तलाठ्याकडून नवा उतारा आणून आम्हीं थोरल्या बंधूंच्या हातीं दिला. त्यांनीं इतर हक्कांचा रकाना दोनदां वाचला, आणि उतारा घडी करून वडिलांच्या पेटींत ठेवला.

कोणास याहून निराळा अनुभव आला असेल तर त्यांनीं तो संपादकांकडे अवश्य कळवावा. विशेषतः जुन्या गाडींत कॉमन रेल इंजिन रीतसर परवानगीनें बसवून कोणीं यशस्वीपणें चालविलें असेल, तर त्यांची हकीगत वाचावयास आम्हांस आनंदच होईल.